ओला-सुका कचरा घरात वेगळा, गाडीत एकत्र: मग आपण करतो कशाला?

शेपूची_जुडी

विषय जुना आहे, माहीत आहे. तरी लिहिते, कारण डोकं फिरलंय.

आमचं तालुक्याचं गाव, नगरपरिषद आहे. नाव मुद्दाम देत नाही. इथे लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वॉर्डात पोचतं. घंटागाडी येते, गाणं वाजवत येते, वेळेवर येते, त्याबद्दल तक्रार नाही. गाडीला हिरवा आणि निळा असे दोन कप्पे होते, मधे पत्रा. तो पत्रा आता नाही. मी हिरव्या डब्यातलं दिलं काय आणि निळ्यातलं दिलं काय, गाडीवरचे भाऊ दोन्ही एकाच ढिगावर उपडं करतात. विचारलं तर म्हणाले, "ताई, तुम्ही द्या वेगळा, पुढे बघतील." पुढे म्हणजे कुठे? आणि बघणार कोण?

वरून भोंग्यावर "कचरा वेगळा द्या, अन्यथा दंडात्मक कारवाई" चालूच. समोरच्या काकूंनी वेगळं करणं केव्हाच सोडलं. सासूबाई रोज टोमणा मारतात, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालतेस, तोरण लावायचंय का त्यांचं?

जाणकारांनी सांगा. गाडीत गेल्यावर कचऱ्याचं खरंच काय होतं? एकत्रच होणार असेल तर घरी वेगळा करण्यात राम आहे का? आणि विचारायचं तर कोणाला आणि नेमकं काय? "नागरिकांची मानसिकता" हे शब्द कृपया कोणी वापरू नका, भाषणं ऐकून झाली आहेत.

बोरूबहाद्दर

मानसिकता.

(राहवलं नाही.)

आमच्या सोसायटीने यावर रामबाण उपाय काढला. तीन रंगांचे तीन मोठे डबे आणले, उद्घाटनाला पेढे वाटले, फोटो पेपरात छापून आणला. आता तिन्हीत एकच माल असतो.

सदाशिव_पेठी

मी तर म्हणतो सोडून द्या. मिळकतकर भरतो, सफाईचे पैसे त्यात घेतात. निवडायचं काम त्यांचं. मी हॉटेलात जाऊन तांदूळ निवडत नाही.

निवृत्त_निरीक्षक

शेपूताई, मी नगरपालिकांमधे स्वच्छता निरीक्षक म्हणून नोकरी केली. थोडं लांबण लागेल, पण तुमचा तो पत्रा का गेला हे कळलं की बाकीचं आपोआप कळेल.

तो पत्रा पडलेला नाही. वेल्डरकडे नेऊन काढलाय. कारण असं. सुका कचरा वजनाला फुलासारखा आणि जागा मात्र हत्तीएवढी खातो. थर्माकोल, खोकी, बाटल्या, पार्सलचे डबे. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत निळा कप्पा ओसंडून वाहतो आणि हिरवा अर्धासुद्धा भरलेला नसतो. मग ड्रायव्हरने काय करायचं? अर्धी गाडी घेऊन डेपोवर जायचं? त्याला फेऱ्या ठरवून दिलेल्या असतात, डिझेलही मोजून मिळतं. तो निळ्यातलं हिरव्यात टाकायला लागतो. महिन्याभरात पत्रा अडचणीचा वाटायला लागतो आणि जातो.

हे झालं जागेचं. दुसरं पैशाचं. बऱ्याच ठिकाणी ठेका टनावर असतो. गाडी वजनकाट्यावर चढली, पावती फाटली, तेवढ्याचं बिल. ओला कचरा जड. सुका त्यात भिजला की तोही जड. पावसाळ्यात भिजलेला पुठ्ठा काट्यावर काय बोलतो ते तुम्हीच समजा. वजन वाढवायला गाडीत राडारोडा भरल्याची प्रकरणं अनेक शहरांत गाजली आहेत, पेपरांत येऊन गेलं आहे. म्हणजे ठेकेदाराला कचरा वेगळा ठेवण्यात एक पैचा फायदा नाही, उलट वेगळा करायला माणसं लावावी लागतात. ज्याला एकत्र करण्याचे पैसे मिळतात तो वेगळा का ठेवील?

आता पुढे काय होतं. डेपोवर निवडायची शेड असते, काही ठिकाणी सरकता पट्टाही असतो. एकत्र आलेल्या मालातून तिथल्या बायका जेवढं हाताला लागेल तेवढं काढतात: बाटल्या, पत्रा, जाड प्लॅस्टिक. कागद-पुठ्ठा भाजीच्या पाण्यात आणि आमटीत भिजलेला असतो, त्याला गिऱ्हाईक नाही. उरलेल्याचं खत करतात. त्या खतात काचेचे तुकडे, पेनच्या टोप्या, फुटलेले सेल. राज्य सरकारचा "हरित महा सिटी कंपोस्ट" म्हणून ब्रँड आहे, तो लावायचा तर खताची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी लागते. एकत्र कचऱ्याचं खत तिथे अडकतं. शेतकरी एकदा नेतो, दुसऱ्यांदा फुकट दिलं तरी नको म्हणतो. मग खताचेही ढीग लागतात.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: एकत्र झालेल्या कचऱ्यातून काही ना काही निघतं, पण जे निघायला हवं त्याच्या मानाने फारच थोडं. दुसऱ्याचं: घरी वेगळं करणं सोडू नका. तिसऱ्याचं: नगरपरिषदेत तीन कागद मागा. ठेक्याचा करारनामा, वजनकाट्याच्या पावत्या, आणि सुका माल कोणाला किती विकला त्याची नोंद. साध्या अर्जावर नाही दिले तर माहितीच्या अधिकारात. तिसरा कागद सर्वांत महत्त्वाचा. सुक्याची विक्री शून्य असेल तर भोंगा कितीही ओरडो, तुमच्या गावात वर्गीकरण होत नाही.

आणि सदाशिवराव, २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच कचरा वेगवेगळा करून देणं ही कचरा करणाऱ्याची जबाबदारी केली. तांदूळ हॉटेलवाल्याने निवडायचे, पण उष्टं तुमचंच आहे.

सदाशिव_पेठी

घ्या. आता उष्ट्यावर आले.

पण तो टनाचा मुद्दा मला पटला. मग टनावर ठेका द्यायचाच कशाला?

निवृत्त_निरीक्षक

मोजायला सोपं म्हणून. घरं मोजायची तर रोज कोणीतरी गल्लीत फिरायला हवं. काटा एका जागी उभा असतो आणि लेखापरीक्षणाला पावती दाखवता येते.

मी_वेंगुर्लेकर

आमच्या वेंगुर्ल्यात येवा. कचरो बघूक लोक येतत आमच्याकडे, समुद्र मागसून.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. २०१५ च्या सुमारास रामदास कोकरे मुख्याधिकारी म्हणून आले. डंपिंग ग्राउंडच्या जागी त्यांनी "स्वच्छ भारत पर्यटन स्थळ" उभं केलं, शाळांच्या सहली तिथे जातात. ओल्याचा बायोगॅस, प्लॅस्टिकचे बारीक तुकडे करून रस्त्याच्या डांबरात, पालापाचोळ्याच्या जळणाच्या कांड्या. पण लोक सांगताना यंत्रांची नावं सांगतात आणि खरी गोष्ट सोडून देतात. खरी गोष्ट ही की वेगळा नसेल तर कचरा उचललाच जात नव्हता. पहिले काही आठवडे घराघरांत भांडणं. आमचे आबा गाडीमागे पिशवी घेऊन धावले, परत पाठवले गेले, मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने शिमगा केला. मग मुकाट्याने निवडायला बसले. डेपोवर गेल्यावर तो माल आणखी वीसेक प्रकारांत वेगळा व्हायचा. घरून वेगळा आला म्हणूनच हे जमलं.

लहान गाव आहे, वस्ती बारा-पंधरा हजारांची. मोठ्या शहरांना हे जसंच्या तसं जमेल असं म्हणत नाही.

बोरूबहाद्दर

लहान गावांचंच जमतंय, बघा. स्वच्छ सर्वेक्षणात लाखाच्या आतल्या गावांत २०२० ला कराड पहिलं, २०२१ ला विटा, २०२२ ला पाचगणी, २०२३ ला सासवड. मुख्याधिकारी सकाळी सहाला गल्लीत दिसू शकतो एवढ्या आकाराची गावं.

निवृत्त_निरीक्षक

आणि त्याची बदली झाली की?

बोरूबहाद्दर

तो प्रश्न मी मुद्दाम तुमच्यासाठी ठेवला होता.

इंदूरी_पोहे

आकाराचा मुद्दा तितकासा खरा नाही. आमचं इंदूर काही लहान नाही, आणि २०१७ पासून सर्वेक्षणात वर आहे. इथे गाडीला सहा कप्पे असतात, सॅनिटरी आणि जुने सेल यांनासुद्धा वेगळी जागा. फेब्रुवारी २०२२ मधे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस काढायचा प्रकल्प सुरू झाला, त्यावर सिटी बस चालतात. तो प्रकल्प बघायला महाराष्ट्रातून शिष्टमंडळं येतात, फोटो काढतात, सराफ्यात खाऊन परत जातात. त्या टाकीत प्लॅस्टिक गेलं तर ती बसते, हे त्यांना सांगितलं जातं. ऐकलं जातं की नाही माहीत नाही. आमच्याकडे महापालिका कचऱ्याचं शुल्कही घेते आणि वेगळा दिला नाही तर घराबाहेर उभं राहून सुनावतेसुद्धा. गाणं मात्र तुमच्यासारखंच डोक्यात जातं.

खडकीची_लेक

मला या धाग्यावर थोडं वेगळं लिहायचं आहे. माझी आई पुण्यात कचरा गोळा करते. "स्वच्छ" या सहकारी संस्थेची सभासद आहे. आधी उकिरड्यावर वेचायची, मी तेव्हा लहान होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९९३ मधे बाबा आढाव आणि एसएनडीटी महिला विद्यापीठातल्या कार्यकर्त्या यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बायकांची संघटना. त्यांना ओळखपत्रं मिळाली. पोलिसाने पोत्यावर काठी मारून "कुठून चोरलंस" विचारलं तर दाखवायला काहीतरी आलं. आई ते पहिलं कार्ड अजून लोखंडी पेटीत ठेवते. मग २००७ मधे "स्वच्छ" नोंदली गेली आणि २००८ मधे महापालिकेशी करार झाला. दारोदार जाऊन कचरा घ्यायचा, घरटी महिन्याचं शुल्क घ्यायचं, सुका माल विकून येईल तो पैसा वेचणाऱ्यांचा. साडेतीन हजारांच्या आसपास सभासद आहेत, बहुतेक बायका.

निरीक्षक काका म्हणाले तो टनाचा हिशोब इथे उलटा होतो बघा. आईला टनाचे पैसे नाहीत. तिला पैसे मिळतात ते घराचे आणि सुक्याचे. सुका जितका कोरडा तितका तिचा फायदा. म्हणून ती तुमच्या दारात उभी राहून "बाई, डाळ बाटलीत नको" म्हणते. तिला कोणी शिकवलेलं नाही हे, तिचा त्यात पैसा आहे.

आता तिचं काम कसं चालतं ते. ढकलगाडीवर दोन बादल्या आणि चारी बाजूंनी पोती लटकवलेली. ओलं एका बादलीत. सुकं ती तिथल्या तिथे उघडते. पिशवी हातात घेतली की बोटांनी चुरडून बघते, आवाजावरून कुठल्या पोत्यात टाकायची ते ठरतं. मऊ वेगळं, कडकड वाजणारं वेगळं, आतून चंदेरी असलेलं बाजूला, कारण ते कोणी घेत नाही. बाटलीचं झाकण वेगळं, बाटली वेगळी. एवढं सगळं बोलता बोलता, फाटकापाशी उभ्याउभ्या.

हातमोजे देतात, पण मोज्याने तो आवाज आणि पोत कळत नाही म्हणून ती काढून ठेवते. मग काच लागते. इन्सुलिनच्या सुया लागतात. वापरलेले पॅड सुक्यात उघडे सापडतात. एका सोसायटीत तिने फक्त एवढंच सांगितलं की पॅड कागदात गुंडाळून द्या, तर वॉचमनकरवी निरोप आला, "कचरेवालीने शिकवू नये."

त्यासाठीच लाल ठिपक्याची मोहीम झाली होती पुण्यात. पॅड, डायपर वर्तमानपत्रात गुंडाळायचं, वर लाल पेनने ठिपका काढायचा. म्हणजे उघडून बघावं लागत नाही. शाईचा एक थेंब लागतो याला. बस, एवढंच.

शेपूची_जुडी

लेकी, लाल स्केचपेन आत्ता कचऱ्याच्या डब्याशेजारी दोरीने बांधून आले.

सदाशिव_पेठी

हे वाचून बोलती बंद झाली माझी. तरी एक विचारतो, राग नसावा. यंत्रं, मोठ्या गाड्या, चांगल्या कंपन्या असताना बायकांनी हाताने कचरा निवडावा हेच मुळात चूक नाही का?

खडकीची_लेक

राग नाही. आई स्वतः म्हणते तू यात येऊ नकोस, आणि मी आले नाही. पण काका, मोठी गाडी आली म्हणून तिला ऑफिसात नोकरी लागणार नाही. ती परत उकिरड्यावर जाईल. मोठ्या गाडीत दाबून आलेल्या कचऱ्यातून शेवटी कोणीतरी हातानेच काढतं, फक्त ते तुमच्या दारात दिसत नाही. निवडायला सावलीची शेड द्या, टेबल द्या, प्यायला पाणी द्या, आम्हाला यंत्रांचं वावडं नाही.

रद्दीवाला_पुतण्या

काकांचं रद्दी-भंगारचं दुकान, मी संध्याकाळी बसतो. थोडं दुकानाकडून सांगतो.

रद्दी, पुठ्ठा, पत्रा, बिअरच्या बाटल्या, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, तुटक्या बादल्या, खुर्च्या हे सगळं जातं. दर रोज हलतात, म्हणून आकडे लिहीत नाही. पण नियम एकच: कोरडा आणि एकजात माल. एका पोत्यात पिशव्या आणि बाटल्या एकत्र आणल्या तर सगळ्यात स्वस्त मालाचा दर लागतो. तेलाच्या पिशव्या घेतात पण नाक मुरडून. वेफर्स, बिस्किटं, शाम्पूच्या पुड्या यांच्यात प्लॅस्टिकचे आणि अ‍ॅल्युमिनियमचे चंदेरी थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते सुटत नाहीत. म्हणून गिऱ्हाईक नाही. तेच सगळं शेवटी सिमेंटच्या भट्टीत जाळायला जातं, म्हणजे जर कोणी नेलं तर.

शेपूताई, पिशव्या धुता ते उत्तम. एकच विनंती. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो त्रिकोणी तुकडा मोरीतून गटारात जातो आणि कोणाच्याच पोत्यात येत नाही.

माहेर_फुरसुंगी

"पुढे बघतील" म्हणणाऱ्यांनी पुढचं गाव बघितलेलं नसतं. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत यायला लागला नव्वदच्या दशकात. डोंगर झाला. विहिरींचं पाणी गेलं, टँकर आले. आंदोलनं किती झाली त्याला गणती नाही. २०१७ च्या एप्रिलमधे डेपोला आग लागली आणि गावांनी गाड्या अडवल्या, तीन आठवड्यांच्या वर एक गाडी आत गेली नाही. मुख्यमंत्र्यांना बैठक घ्यावी लागली. शहरात चौकाचौकांत ढीग साचले तेव्हा लोकांना पहिल्यांदा कळलं की आपला कचरा कुठेतरी जातो. त्याच वर्षी दोन्ही गावं महापालिकेत घेतली, नंतर परत बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद केली.

मुंबईकरांनी हसू नये. देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासूनचं आहे, आणि जानेवारी २०१६ ची आग उपग्रहाच्या फोटोत दिसली होती.

जुना डोंगर उपसून चाळायचं काम आता ठिकठिकाणी चालू आहे, त्याला बायोमायनिंग म्हणतात. मोठ्या फिरत्या चाळणीत माल घालतात, माती खाली, चिंध्या-प्लॅस्टिक वर. एकदा घरात निवडायचं ते वीस वर्षांनी जेसीबीने निवडायचं, एवढाच फरक. खर्च कोणाच्या खिशातून ते सदाशिवरावांनी सांगावं.

सदाशिव_पेठी

माझ्या. कळलं. किती वेळा मारणार?

ऱ्हाइनकाठ

जर्मनीतून थोडंसं, कारण "परदेशात बघा" म्हणणारे येतीलच. इथे घराला चार डबे: कागद, वेष्टणं, जैविक, उरलेला. काच रंगाप्रमाणे चौकातल्या पिंपात, तीही रविवारी नाही, आवाज होतो म्हणून. पण लोक शिस्तीचे आहेत म्हणून हे चालतं असं नाही. उरलेल्या कचऱ्याचा डबा जितका मोठा तितकं वार्षिक शुल्क जास्त, म्हणून लोक निवडतात. एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत, ती दुकानातल्या यंत्रात टाकली की परत, म्हणून रस्त्यावर बाटली दिसत नाही. दिसलीच तर पेन्शनीत भागत नाही असे आजोबा ती उचलून नेतात. आणि वेष्टणं गोळा करण्याचा खर्च १९९१ पासून माल बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे, नगरपालिकेवर नाही.

पुतण्याने लिहिलेल्या त्या चंदेरी पुड्यांना इथेही धड गिऱ्हाईक नाही. मोठा हिस्सा जाळला जातो.

शेपूची_जुडी

सगळ्यांचे आभार, पण माझी गाडी अजून तिथेच आहे. पत्रा परत बसवला तरी निरीक्षक काका म्हणतात तसा निळा कप्पा दुसऱ्या गल्लीत भरणारच. मग काय, दोन गाड्या? नगरपरिषद म्हणेल पैसे नाहीत.

बनशंकरी_मराठी

दोन गाड्या कशाला, दोन वार करा. बंगळूरला २०१२ मधे कचऱ्याचा मोठा गोंधळ झाला, मावळ्ळीपुऱ्याची क्षेपणभूमी बंद पडली, गावांनी गाड्या अडवल्या, सगळं तुमच्या फुरसुंगीसारखंच. पुढे २०१५ मधे उच्च न्यायालयाने दोन डबे, एक पिशवी असं ठरवून दिलं: हिरव्या डब्यात ओला, लाल डब्यात सॅनिटरी वगैरे, पिशवीत सुका. सुका रोज द्यायचा नाही, आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी. तो वॉर्डातल्या सुका कचरा केंद्रात जातो आणि त्यातली बरीच केंद्रं पूर्वीचे वेचणारेच चालवतात. शहरभर सगळं गुळगुळीत चाललंय असं अजिबात नाही, आमच्या चौकात रोज रात्री कोणीतरी पिशवी भिरकावून जातोच. पण सुका सडत नाही, तो घरात चार दिवस राहिला तर काय बिघडतं? रोज फक्त ओला घेतला तर गाडीला पत्राच लागत नाही.

निवृत्त_निरीक्षक

हे सगळ्यात कामाचं आलं. एका गाडीत, जादा डिझेल न घालता होतं. अडचण दोन ठिकाणी येईल: दुकानं आणि एका खोलीतली घरं. दुकानाचा सुका रोजच निघतो, त्यांची वेगळी फेरी दुपारी ठेवा. एका खोलीत पोतं ठेवायला जागा नसते, तिथे गल्लीच्या तोंडाला एक जाळीचा पिंजरा द्या. कुलूपवाला. नाहीतर गाय खाते.

वाफ्यातली_मेथी

जरा आडवळण. ओला घरातच जिरवला तर गाडीचा प्रश्नच अर्धा होतो की! आम्ही गॅलरीत ड्रममधे करतो. वास येतो ही तक्रार असते, तर वास येतो म्हणजे पाणी जास्त झालंय. वाळका पाला किंवा कोकोपीट घाला, ढवळा. लिंबाची सालं एकदम बादलीभर टाकू नका. राखाडी जाड अळ्या दिसल्या तर किंचाळू नका, त्या खाऊन खतच करतात. विरजणाला मूठभर जुनं खत नाहीतर आंबट ताक. पुण्यात गांडूळ खत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी यांपैकी एक असेल तर मिळकतीच्या सर्वसाधारण करात ५ टक्के, दोन असतील तर १० टक्के सवलत होती. तुमच्याकडे काय आहे ते विचारा.

बोरूबहाद्दर

सवलतीपुरती गांडूळं पाळणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्यात. तपासणीच्या आदल्या दिवशी शेजारच्या सोसायटीतून गांडूळं उसनी आणतात.

वाफ्यातली_मेथी

उसनी का होईना, आली म्हणायची.

शेपूची_जुडी

पंधरवड्याने येतेय, कागद हातात आले म्हणून.

करारनामा खरंच टनावर आहे. वर्गीकरण केलं नाही तर दंड असं एक कलम त्यात आहे, पण तो दंड लावल्याची एकही नोंद नाही. काट्याच्या पावत्या मिळाल्या. सुक्याच्या विक्रीची नोंद "निरंक". हा शब्द सुंदर टंकलेला आहे.

आम्ही गल्लीतल्या सहाजणी मुख्याधिकाऱ्यांना भेटलो. दंड, मानसिकता वगैरे झालं. मग बुधवार-रविवार फक्त सुका, बाकी दिवस फक्त ओला, आमच्या एका वॉर्डात करून बघा एवढंच मागितलं. ते म्हणाले गाडी तीच, माणसं तीच, मला काय हरकत. सुरू झालं. पहिल्या बुधवारी अर्ध्या लोकांनी भाजीची सालं आणली आणि भाऊंनी ती परत दिली. भाऊंना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं! दुसऱ्या बुधवारी कारण कळलं. ते बाटल्या आणि पुठ्ठा वेगळा काढून विकतात, संध्याकाळचा चहा-नाश्ता सुटतो.

आणि आता नवंच. ठेकेदाराच्या माणसाने त्यांना दम दिला की माल कंपनीचा आहे, विकलात तर कामावरून काढू. इतके महिने जो माल ओल्यात कुजत होता तो आता कंपनीचा झाला. काका, हा माल कायद्याने कोणाचा?

खडकीची_लेक

अगदी हेच होतं. माल दिसायला लागला की मालक उभे राहतात. आईच्या संघटनेची अर्धी भांडणं यावरची आहेत.

निवृत्त_निरीक्षक

करारनाम्यात जे लिहिलंय त्याचा. तुमच्यात बहुतेक काहीच लिहिलेलं नसेल, तेव्हा तो मुद्दा मोकळा आहे. ठेकेदाराने "माझा" म्हणण्याआधी ठरावात घालून घ्या. सभागृह असेल तर सर्वसाधारण सभेपुढे, नसेल तर प्रशासकांकडे. मजकूर असा: सुका कचरा आठवड्यातून दोन वार स्वतंत्र उचलावा, त्याची विक्री करून येणारी रक्कम गाडीवरील सफाई कामगार व कचरावेचक यांना वाटून द्यावी, विक्रीची पावती दरमहा नगरपरिषदेत जमा करावी. तिसरं वाक्य गाळू देऊ नका. त्या पावतीवरच पुढच्या ठेक्यात टनाऐवजी घरांवर पैसे द्या असं म्हणता येईल.

भाऊंचं नाव अर्जात घालू नका, "कामगार" एवढंच लिहा. सह्या वॉर्डातल्या घ्या, बाहेरच्या नकोत. विषयपत्रिका निघायच्या आधी आवक-जावकला देऊन पोच घ्या. तुमच्या ठेक्याची मुदत कधी संपते ते करारनाम्याच्या पहिल्या पानावर असेल, ते बघून सांगा.

शेपूची_जुडी

मार्चअखेर.

निवृत्त_निरीक्षक

मग निविदेचा मसुदा आत्ताच तयार होत असेल. उद्याच जा.